किटलीला गोवर

७ फेब्रुवारी, शनिवार

आज लिनोच्या वर्गाला गेले. जायचं नव्हतं. पण लेकीने परस्पर नाव नोंदवलं, फी भरली आणि फी परत मिळत नाही हेही वर सांगून टाकलं. भरलेले पैसे मी वाया जाऊ देणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

"मला चित्र काढता येत नाही," मी फोनवर म्हणाले.

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुला न येणारं काहीतरी कर ना, आई. एकदा तरी."

यात टोमणा होता की नाही, ते कळलं नाही.

वर्ग फ्रेमच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. लांब टेबल, दोन खिडक्या, त्यातली एक धड बंद होत नाही. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मोठ्याने हसतात. त्यांच्या एप्रनचा डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर वर शिवलेला आहे. त्यांना हे माहीत नसावं. मी पूर्ण वेळ तो खिसा बघत होते.

लिनो म्हणजे तपकिरी, जाडसर चादर. पूर्वी जमिनीवर अंथरत. हिला जवसाच्या तेलाचा वास येतो आणि पाठीला तागाचं कापड चिकटवलेलं असतं. कोरणीने कोरायचं. कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो, उरलेल्या भागाला रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. काम सोपं आहे. बाई म्हणाल्या, लिनो कडक वाटला तर थोडा वेळ त्यावर बसा, ऊब लागली की मऊ होतो. आमच्यात एक दंतवैद्य आहे, पोरगेलासा. तो लगेच बसला. मी घरून गरम पाण्याची पिशवी नेणार आहे.

परत आल्यावर चहा केला. दुपार मोठी वाटते. गेल्या महिन्यापर्यंत शाळा सुटली की भिंगरी माझ्याकडे यायची. भिंगरी माझी नात, सात वर्षांची, एका जागी स्थिर म्हणून राहत नाही. आता ती पाळणाघरात जाते. "तुला जरा आराम," असं लेक म्हणाली. मी आराम मागितला नव्हता.

१० फेब्रुवारी

सरावाला दिलेल्या तुकड्यावर सरळ रेघा कोरल्या. सरळ आल्या नाहीत. कोरणीची मूठ ढिली आहे असं वाटून ती बदलून घ्यायचं ठरवलं. मग नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आठवली आणि बेत रद्द केला.

लाल बाणांचं बंडल कपाटात सापडलं. सापडलं म्हणजे काय, ते कुठे आहे हे मला माहीतच होतं.

कारखान्यात मी शेवटच्या टेबलावर होते. शिवून झालेला प्रत्येक शर्ट माझ्या हाताखालून जायचा. टाका सुटलेला, कॉलरचं एक टोक लांब, काज तिरकं, जिथे दोष असेल तिथे छोटा लाल चिकट बाण लावायचा आणि शर्ट मागे पाठवायचा. बोलायची गरज नसे. बाण बोलतो. माझ्या टेबलावरून सुटलेला शर्ट गिऱ्हाइकाकडून कधी परत आला नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी हेच वाक्य म्हटलं आणि मला घड्याळ दिलं. घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं.

घरीही बाण असायचेच. चादरीची घडी चुकली, बाण. कोपऱ्यात केर राहिला, बाण. लेकीच्या शुद्धलेखनावर, चित्रांवर, वेणीच्या फितीवरसुद्धा. ओरडायला नको, मारायला नको. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही. एकदा माझ्या नवऱ्याच्या शर्टाच्या पाठीवर बाण राहून गेला आणि ते तसेच दिवसभर कचेरीत फिरले. संध्याकाळी सगळ्यांना सांगत सुटले, "बायकोचा बाण लागलेला माणूस आहे मी." ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ते हसायचे तेव्हा लेकही हसायची. एरवी ती शांत मुलगी होती. त्रास म्हणून कधी दिला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पहिला छाप.

मी किटली निवडली. घरातली, रोजची, डोळे मिटून काढता येईल अशी. लिनोवर तोटी डावीकडे काढली, कागदावर उजवीकडे आली. हे बाईंनी आधी सांगितलं होतं, तरी चमकले.

किटली ठीक होती. भोवतालची जागा ठीक नव्हती. ती कोरी पांढरी यायला हवी होती. पण कोरताना कोरणीच्या दोन चरांमध्ये बारीक बांध राहतात, त्यांना शाई लागते आणि कागदावर बारीक रेघांचा केर उमटतो. बाई म्हणाल्या, "छान आहेत हो त्या. हात कुठून कुठे गेला ते दिसतं." मला वाटतं हात कुठून कुठे गेला याच्याशी लोकांना काही देणंघेणं नसावं.

पर्समध्ये बाण होते. लावले. सगळ्या रेघांना लावता लावता कागद भरून गेला. दंतवैद्य मागे येऊन उभा राहिला.

"काकू, किटलीला गोवर झालाय."

सगळे हसले. बाई तर टेबलाला धरून हसल्या. मीही हसले असते, पण कॉलरखालच्या बाजूला एक रेघ राहिली होती. कॉलर नव्हे, झाकण. सवय.

१८ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आई, एक विचारू? तू भिंगरीच्या चित्रांवर बाण लावायचीस?"

"हो. का?"

"शाळेतून बोलावलं होतं. काहीही लिहिलं की ती खोडते. परत लिहिते, परत खोडते. कागदाला भोकं पडेपर्यंत. वेळ संपतो आणि बाई कागद घ्यायला येतात तेव्हा ती रडते."

"हल्लीचे कागद फार पातळ असतात," मी म्हणाले.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "हे बघ, तिचं खोडणं थांबलं की मग ठरवू तुझ्याकडे पाठवायचं की नाही. तोवर पाळणाघरच बरं. रागावू नकोस."

मी रागावले नाही. पण आरामाचा विषय निघाला नाही हे लक्षात आलं. म्हणजे आराम हे कारण नव्हतं. ते तिने सरळ सांगायला हवं होतं. आमच्यात सरळ न बोलण्याची पद्धत कधी पडली कोण जाणे.

मला भिंगरीची आठवण येते. तिची चप्पल अजून दाराशी आहे, एक सुलटी, एक उलटी. मी रोज सरळ करायची. या महिन्यात केलेली नाही.

१९ फेब्रुवारी

जाड कागदाची वही आणि चांगल्यातला, डाग न पाडणारा खोडरबर घेतला. दोन्ही जावयांच्या हाती भिंगरीसाठी पाठवलं. ते "बरं" म्हणाले आणि खोडरबराकडे जरा बघत राहिले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात तोच ठसा, म्हणजे किटली कोरलेला लिनो, पुढे घेतला. किटलीभोवतीचे बांध काढायला घेतले. एक काढला की शेजारचा उंच दिसतो. बाई दोनदा येऊन गेल्या. "ताई, आता शाई लावून बघा की." मी म्हणाले, जरासंच राहिलंय. त्या म्हणाल्या, "हे जरासं कधी संपत नाही हं." आणि दंतवैद्याकडे गेल्या. त्याने मासा केलाय. माशाला एकच डोळा आहे आणि तोही भलत्याच ठिकाणी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तरी सगळ्यांना आवडला. दातांच्या बाबतीत तो असं करत नसेल अशी आशा आहे.

ठसा घरी आणलाय.

२४ फेब्रुवारी

ठसा फुटला.

सकाळी खिडकीशी बसून, गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून, हळूहळू काम चाललं होतं. तोटीच्या पुढे एक बांध होता, केसाएवढा. तो निघाला. मग खड्ड्याचा तळ खडबडीत वाटला. तो सपाट करायला गेले. कोरणीला एकदम वेगळं काहीतरी लागलं, कुरकुरीत. तळाचा ताग होता तो. धागे वर आले. धाग्यांभोवतीची कड सारखी करायला गेले तर भोक मोठं झालं. आता त्यातून बोट जातं.

मेण ओतून पाहिलं. मेण निघून आलं. येताना आणखी एक तुकडा घेऊन आलं.

जेवले नाही. भूक नव्हती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ठसा पिशवीत तळाशी ठेवून नेला होता. काढणार नव्हते. बाईंनी हात पुढे केला, काढावा लागला.

"गेला आरपार?" त्या म्हणाल्या. त्यांना नवल वाटलं नाही. "कसा गेला?"

"एक रेघ राहिली होती."

"मग?"

"ती काढली, तर बाजूची दिसायला लागली."

"ती काढली."

"हो."

"कुणाला टोचत होत्या त्या रेघा?"

कारखान्यात असा प्रश्न कुणी विचारत नसे. रेघ असते किंवा नसते.

बाईंनी ठसा टेबलावर ठेवला, भोकाभोवतीच्या धाग्यांसकट रोलर फिरवला आणि मला कागद दिला. मी घासलं. कागद उचलला तर किटली होती, आणि तोटीसमोर तागाचं विणकाम उमटलं होतं, उभे आडवे धागे, मधूनमधून तुटलेले, मध्ये एक कोरी फट. दंतवैद्य म्हणाला, "पोत्यात ठेवलेली किटली वाटतेय, काकू." मग जरा थांबून म्हणाला, "पण नजर तिथेच जाते."

दोषावर नजर जाते, त्यात नवल काय. बाणांचा उपयोग तोच.

छाप वाळत घातला आणि नवा लिनो मागितला. तीच किटली पुन्हा करणार, या वेळी नीट.

३ मार्च

फ्रिजच्या दारावर भिंगरीचं जुनं चित्र आहे. घर, झाड, सूर्य. सूर्याच्या जागी भोक आहे. मी त्या वेळी लावलेला बाण अजून तिथेच आहे, भोकाच्या कडेला. सूर्य वाटोळा आला नाही म्हणून लावला होता. तिने खोडून पुन्हा काढला, पुन्हा वाटोळा आला नाही, पुन्हा खोडला. शेवटी सूर्य गेला आणि मागचं फ्रिजचं दार दिसायला लागलं.

मी वर्गातून आणलेला ठसा त्याच्याशेजारी धरून पाहिला. कागदाची कड केसाळ झाली आहे. लिनोची कडही तशीच, धागे बाहेर आलेले. भोकाचं मापही साधारण एक.

दूध उतू गेलं.

कागद जाड होता, हे आज हात लावल्यावर कळलं.

७ मार्च, शनिवार

नवी किटली तयार. एकही रेघ नाही. भोवती पांढरं स्वच्छ, कडा जशाच्या तशा. बाण लावायला जागा नाही. मी स्वतः दोनदा तपासली.

बाईंनी पाहिली. "छान," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बस्स, एवढंच. दंतवैद्य म्हणाला, "दुकानातून आणल्यासारखी वाटते." तो कौतुक म्हणून म्हणाला असावा.

दोन्ही छाप घरी आणले आणि स्वयंपाकघरात शेजारी शेजारी लावले. दिवसभरात नव्या किटलीकडे किती वेळा पाहिलं ते आठवत नाही, म्हणजे फारसं पाहिलं नसावं. जुनीकडे मात्र चहा गाळताना, भांडी पुसताना, दिवा लावताना. मला ती आवडते असं नाही. पण तिच्याकडे पाहिलं की मला तो दिवस आठवतो, तो केसाएवढा बांध आठवतो, मी कुठे थांबायला हवं होतं ती जागासुद्धा आठवते. नवीकडे पाहून काहीच आठवत नाही.

हे लिहायला विचित्र वाटतंय. इतकी वर्षं मी काहीच आठवून न देणारे शर्ट पास केले.

१५ मार्च, रविवार

लेक भिंगरीला घेऊन आली. लेकीला तासाभराचं काम होतं, जावई बाहेरगावी, पाळणाघर रविवारी बंद. दारातच म्हणाली, "तासाभरात आलेच. आई, प्लीज." प्लीजच्या पुढे काय होतं ते तिने सांगितलं नाही. मला समजलं.

भिंगरी थेट स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही किटल्यांसमोर उभी राहिली. जुनीकडे बोट केलं.

"आजी, ही कुणी फाडली?"

"मी."

"तू?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोटं बोलतेय. मग कागद नीट न्याहाळला, कोपरे, कडा, खालची बाजू. "मग बाण कुठाय?"

"लावला नाही."

"विसरलीस?"

"नाही."

तिने यावर विचार केला. मग म्हणाली, "मला पण करायचंय."

माझा वर्गाचा एप्रन, पाठही झाकणारा, अंगात चढवला, टेबलावर लिनोचा तुकडा ठेवला, बोथट कोरणी दिली, दुसरा हात मागे ठेवायचा हे दाखवलं. तिने मांजर काढायचं ठरवलं. पेन्सिलने काढताना तिने डाव्या हाताने खोडरबर शोधला. हे मी पाहिलं. तो माझाच, डाग न पाडणारा, तिच्या खिशात होता.

"याला खोडरबर चालत नाही," मी म्हणाले. "एकदा कोरलं की कोरलं."

"मग चुकलं तर?"

"तर चुकलेलं छापायचं."

तिने तोंड वाकडं केलं, पण सुरुवात केली. जीभ बाहेर काढून कोरत होती. तिची आईही अशीच जीभ बाहेर काढायची. पाठ झाली, शेपूट झालं. मग कोरणी घसरली आणि मांजराच्या पाठीवरून आडवा चर गेला, पार काठापर्यंत.

ती थांबली. मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. त्याच वेळी दार वाजलं नाही, कारण मी ते उघडंच ठेवलं होतं, आणि लेक आत आली. ती चौकटीतच थांबली. तिने ठसा पाहिला, मग मला.

दोघी श्वास धरून उभ्या होत्या. तो चेहरा मला ओळखीचा आहे. माझ्या टेबलापलीकडे शिवणाऱ्या बायका असाच चेहरा करून उभ्या राहायच्या, मी शर्ट उलटा सुलटा करत असताना. मी तो रोज पाहिला आणि घरी येऊन परत पाहिला. कारखान्यातला आणि घरातला चेहरा एकच आहे, हे मात्र आज पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

माझा हात एप्रनच्या खिशात होता. तो तिथे कधी गेला मला माहीत नाही. बोटांना बंडल लागत होतं. मी बंडल बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं, माझ्यापासून लांब, भिंगरीच्या बाजूला.

"शाई लाव," मी म्हणाले.

"पण आजी, हे बघ ना, हे..."

"दिसतंय मला. शाई लाव. वाळली तर लागणार नाही."

तिने लावली. टेबलाला लावली, कोपराला लावली, थोडी ठशालाही लावली. आम्ही दोघींनी चमचे धरून घासलं. कागद उचलला. पाठीवर पांढरा पट्टा असलेलं काळं मांजर होतं आणि भोवती रेघाच रेघा.

"पळतंय," भिंगरी म्हणाली. "आई, बघ, पळतंय!" आणि तिने लगेच दुसरा कागद मागितला.

लेक खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासाठी चहा ठेवला. ती जुन्या किटलीकडे बघत होती. आवाज नेहमीसारखाच ठेवून म्हणाली, "ही मी नेऊ?"

"ती? ती नवी ने ना, ती चांगली..."

"मला ही हवीय, आई."

तिने आजवर या घरातून काही मागून नेलेलं मला आठवत नाही. लग्नानंतर स्वतःच्या वह्यासुद्धा नेल्या नाहीत. मी छाप काढून, दोन कागदांमध्ये ठेवून, दिला. "गुंडाळू नकोस, घडी पडेल," एवढंच बोलले.

"पडू दे," ती म्हणाली आणि हसली. तिच्या वडिलांसारखी हसली.

निघताना भिंगरीने चपला घातल्या, आणि दाराशी असलेली जुनी जोडी बघून म्हणाली, "या इथेच राहू देत." लेकीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," ती म्हणाली. "उद्या शाळा सुटली की इथेच येईल. मी पाळणाघरात सांगते."

जाण्याआधी भिंगरीने मला मागून मिठी मारली. जरा जास्तच वेळ मारली. हात पाठीवर थापटले. मला वाटलं, माया.

१६ मार्च

भिंगरी आली. आज खोडरबर दप्तरातच होता. गणितं तिने शाईच्या पेनने सोडवली. तीन चुकली. मी म्हणाले, "तीन चुकलीत." कुठली, ते तिनेच शोधलं. दोन सापडली. तिसरी मला दिसत होती. हात मांडीखाली घेऊन बसले.

मांजर फ्रिजवर लावलंय, सूर्याच्या शेजारी.

२१ मार्च, शनिवार

वर्गाला गेले. एप्रन रविवारपासून घडी करून पिशवीतच होता. तो अंगात चढवला आणि टेबलाशी जाऊन बसले. बाईंनी आज खिडकीला दोरी बांधली आहे, तरी वारा येतो. त्यांचा खिसा अजून वरच आहे. बरा दिसतो.

काम सुरू केलं. मागून दंतवैद्य आला.

"काकू, हलू नका. पाठीवर काहीतरी चिकटलंय." जरा वाकून बघितलं. "बाण आहे, लाल. तुमच्यातलाच. वरच्या अंगाला, बरोबर मधोमध. काढू का?"

मला रविवारची ती मिठी आठवली. मी लिनोवरून नजर काढली नाही.

"नको," मी म्हणाले. "बरोबर ठिकाणी लागलाय."